वायफाय टॅब्लेटला ब्लूटूथ जीपीएस जोडून गाडीत नकाशा कसा चालवायचा

बऱ्याच घरांत एखादा वायफायवाला टॅब्लेट पडून असतो. पडदा मोठा, बॅटरी धडधाकट. पण गाडीत नेऊन नकाशा उघडला की निळा ठिपका अजून कालच्या हॉटेलवरच बसलेला. कारण साधं आहे. अशा बऱ्याच टॅब्लेटांत जीपीएसची चिपच नसते. आजूबाजूच्या वायफाय राउटरांवरून ते जागेचा अंदाज बांधतात, आणि हायवेवर राउटर कुठून येणार?

यावरचा इलाज म्हणजे ब्लूटूथ जीपीएस रिसीव्हर. काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी, आत अँटेना, जीपीएसची चिप आणि बॅटरी. ती उपग्रहांचे सिग्नल ऐकते, स्वतःची जागा काढते आणि ब्लूटूथवरून टॅब्लेटला कळवत राहते. तिला सिम लागत नाही, इंटरनेट लागत नाही, महिन्याचं भाडं नाही. ताम्हिणी घाटात मोबाइलची रेंज गेली तरी तिचं काम चालू राहतं, कारण जीपीएसचा आणि मोबाइलच्या टॉवरचा मुळात संबंध नाही. हे नव्या माणसाला पटायला वेळ लागतो. 'रेंज नाही म्हणून जीपीएस गेलं' असं आपण सर्रास म्हणतो, पण गेलेला असतो तो ऑनलाइन नकाशा. जागा कळतच असते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. तुमचा स्मार्टफोन गेल्या पाच-सात वर्षांतला असेल, त्यावर नकाशा नीट चालत असेल आणि पडद्याचा आकार पुरत असेल, तर हा खटाटोप करू नका. आजच्या फोनमधलं जीपीएस उत्तम असतं. मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंत अचूक. वेगळ्या रिसीव्हरचा खरा फायदा दुसराच आहे. आकाश बघणारा भाग आणि तुम्ही बघायचा पडदा, हे दोन्ही वेगळ्या जागी ठेवता येतात. फोन जिथे डोळ्याला सोयीचा तिथे त्याला आकाश दिसेलच असं नाही, आणि आकाश दिसतं तिथे उन्हात तो तापून बंद पडतो. रिसीव्हर काचेखाली, पडदा सावलीत, ही वाटणी जमली की बाकीचे फायदे आपोआप येतात.

खरेदीआधी तपासा

अँड्रॉइड टॅब्लेट असेल तर 'जीपीएस टेस्ट' या नावाचं फुकट ॲप टाका आणि अंगणात किंवा गच्चीवर जाऊन उघडा. एक-दोन मिनिटांत उपग्रहांचे पट्टे वरखाली होताना दिसले तर तुमच्या टॅब्लेटात जीपीएस आहे, पैसे वाचले. वायफायवाल्या अँड्रॉइड टॅब्लेटांत ते असतं असंही नाही आणि नसतं असंही नाही, मॉडेल बघावं लागतं. आयपॅडचा हिशेब सरळ आहे. सिम चालणाऱ्या मॉडेलात जीपीएस असतं, फक्त वायफायवाल्यात नसतं.

घरात जुना अँड्रॉइड फोन पडला असेल तर खरेदीआधी हेही करून बघा. फोनचं जीपीएस ब्लूटूथवरून दुसऱ्या उपकरणाला पुरवणारी ॲप मिळतात. सिम नसलेला, पडद्याला तडा गेलेला फोनसुद्धा यासाठी चालतो. अँड्रॉइड टॅब्लेटसाठी हा चांगला बिनपैशाचा मार्ग आहे. आयपॅडसाठी मात्र तो सहसा चालत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

घ्यायचाच ठरला तर ऑनलाइन दुकानात 'जीपीएस ट्रॅकर' आणि 'जीपीएस रिसीव्हर' यांत गल्लत करू नका. ट्रॅकरमध्ये सिम असतं आणि तो तुमच्या गाडीची जागा दुसऱ्या कुणाला तरी कळवतो. चोरीच्या भीतीने किंवा ट्रकच्या मालकाने लावायची ती वस्तू. आपल्याला हवी ती डबी फक्त ऐकते, तुमच्या टॅब्लेटपलीकडे कुणाला काही सांगत नाही. तिसरा प्रकार यूएसबी वायरवाल्या रिसीव्हरांचा. तो लॅपटॉपसाठी ठीक, पण वायर आली की डबी हवी तिथे ठेवायची मोकळीक गेली.

निवडताना तीन गोष्टी बघतो. एक, ती किती उपग्रह-प्रणाली ऐकते. नुसतं अमेरिकेचं जीपीएस ऐकणारी डबी मोकळ्या रस्त्यावर पुरते. पण रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बायडू यांपैकी एखाद-दुसरंही ऐकत असेल, तर घाटात किंवा उंच इमारतींत अर्धं आकाश झाकलं तरी हाताशी पुरेसे उपग्रह उरतात. आपलं नाविक ऐकणारी डबी मिळाली तर चांगलंच, पण ब्लूटूथ रिसीव्हरांत ते दरवेळी सापडत नाही. खोक्यावर नीट वाचून घ्या.

दोन, सेकंदाला किती वेळा जागा कळवते. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. सेकंदाला एकदा जागा सांगणाऱ्या डबीचा ठिपका तेवढ्या उड्या मारत जातो, दहादा सांगणारीचा तीन मीटरच्या आत. महामार्गावर फाटा गाठताना फरक जाणवतो, गावात फारसा नाही.

तीन, आणि सगळ्यांत महत्त्वाचं: तुमच्या उपकरणाशी ती बोलते का. ॲपलने ब्लूटूथच्या या वापरासाठी स्वतःची मान्यता ठेवली आहे. ती मान्यता असलेल्याच डब्या आयपॅडला जुळतात, उदाहरणार्थ गार्मिनची ग्लो २, किंवा बॅड एल्फ आणि ड्युअल या कंपन्यांची काही मॉडेलं. जुना अँड्रॉइड फोन आयपॅडला जुळत नाही तो यामुळेच. अँड्रॉइडला ब्लूटूथवरून सीरियल पोर्टसारखा डेटा पाठवणारी जवळपास कुठलीही डबी चालते.

परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवणार असाल तर एक धोका लक्षात घ्या. उपग्रहावरून मेसेज पाठवणारी उपकरणं आणि सॅटेलाइट फोन भारतात परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावर त्यापायी प्रवासी अडकलेले आहेत. साध्या रिसीव्हरला ती अडचण नाही, कारण तो उपग्रहाकडे काही पाठवतच नाही. पण एकाच कंपनीच्या दोन्ही वस्तू दुकानात शेजारी-शेजारी मांडलेल्या असतात. अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याला नेमकं मॉडेल लिहून पाठवा, 'तिकडचं ते जीपीएस घेऊन ये' एवढंच सांगू नका.

नकाशे घरीच उतरवून घ्या

टॅब्लेटला रस्त्यात इंटरनेट नसणार हे धरून चला. फोनचा हॉटस्पॉट देता येतो, पण घाटात तोच पहिला जातो. म्हणून नकाशे घरच्या वायफायवर उतरवायचे. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड या ॲपमध्ये अख्ख्या महाराष्ट्राचा नकाशा घेता येतो आणि रस्ता शोधण्याचं कामही टॅब्लेटातच होतं, नेट लागत नाही. दोन्हींचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे हौशी लोकांनी भरलेला. काही गावांतल्या पाणंद रस्त्यापर्यंत सगळं नोंदलेलं सापडतं, काही गावांत मुख्य रस्त्यापलीकडे काही नाही. तुमच्या नेहमीच्या गावावर बोट ठेवून बघा, लगेच कळेल. गुगल मॅप्समध्येही चौकट आखून भाग उतरवता येतो. मात्र ऑफलाइन असताना वाहतूक कोंडीची माहिती मिळणार नाही, आणि उतरवलेला भाग मुदत संपली की पुन्हा ताजा करावा लागतो.

गोव्याला किंवा बेळगावकडे निघाला असाल तर शेजारच्या राज्याचाही नकाशा घ्या. सीमेवर नकाशा कोरा होतो तेव्हा माणसं डबीला दोष देतात.

पहिला फिक्स (म्हणजे पहिल्यांदा जागा सापडणं): घाई नको

नवी डबी आधी पूर्ण चार्ज करा. मग गाडी सुरू करण्याआधी ती उघड्यावर ठेवा: गच्चीत, अंगणात, गाडीच्या बॉनेटवर. स्लॅबखाली किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून दिव्याकडे बघत राहण्यात अर्थ नाही.

वेळ का लागतो हे कळलं की चिडचिड कमी होते. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि स्वतःची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या मंद गतीने सांगतात. एका उपग्रहाची नेमकी कक्षा ऐकून घ्यायला अर्धा मिनिट लागतो, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं. तुमचा फोन ही माहिती इंटरनेटवरून आयती घेतो, म्हणून त्याला लगेच जागा सापडते. बिचाऱ्या डबीला ती आकाशातूनच ऐकावी लागते. मधे झाडाची फांदी किंवा गॅलरीचं छप्पर आलं तर ऐकणं तुटतं आणि तो उपग्रह पहिल्यापासून.

तेव्हा अगदी नवी, किंवा कित्येक महिने बंद असलेली, किंवा नागपूरला बंद करून मुंबईत उघडलेली डबी पहिल्यांदा दहा-पंधरा मिनिटं मोकळ्या आकाशाखाली निवांत राहू द्या. त्यानंतर रोजच्या वापरात एखादा मिनिट पुरतो. चहाला थांबून पुन्हा निघालात तर काही सेकंद, कारण उपग्रहांच्या कक्षेची ऐकलेली माहिती सुमारे चार तास उपयोगी पडते.

बहुतेक डब्यांवर दोन दिवे असतात, एक ब्लूटूथचा आणि एक उपग्रहांचा. लुकलुकणं म्हणजे शोध चालू की जागा सापडली, हे कंपनीगणिक बदलतं. माहितीपत्रक फेकण्याआधी तेवढं पान फोटो काढून ठेवा.

जोडणी

आयपॅडचं काम दोन मिनिटांचं. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ उघडा, डबीचं नाव दिसेल, त्यावर टिचकी मारा, पेअर झालं. यानंतर आयपॅडमधलं कुठलंही नकाशाचं ॲप आपोआप त्या डबीची जागा वापरतं. वेगळं काही लावायचं नाही.

अँड्रॉइडला जरा जास्त हात चालवावा लागतो. पेअर केल्याने फक्त ओळख होते. डबीचं बोलणं ऐकून ते सिस्टिमला देणारं एक मधलं ॲप लागतं. प्ले स्टोअरवर 'ब्लूटूथ जीपीएस' किंवा 'ब्लूटूथ जीएनएसएस' अशा नावांची ॲप सापडतील. क्रम असा:

१. सेटिंग्ज, ब्लूटूथ, डबी पेअर करा. पिन विचारला तर ०००० किंवा १२३४ टाकून बघा, बहुतेक जुन्या डब्यांचा यांतलाच एक असतो.

२. मधलं ॲप टाका. ते लोकेशनची परवानगी मागेल, नव्या अँड्रॉइडमध्ये 'जवळची उपकरणं' याचीही मागेल. दोन्ही द्या.

३. सेटिंग्जमध्ये 'टॅब्लेटविषयी' या पानावर जाऊन 'बिल्ड नंबर'वर सलग सात वेळा टिचकी मारा. 'तुम्ही आता डेव्हलपर आहात' असा मेसेज येईल. घाबरू नका, त्याने काही बिघडत नाही.

४. आता सेटिंग्जमध्ये 'डेव्हलपर ऑप्शन्स' हे नवं पान उगवलेलं असेल. त्यात 'मॉक लोकेशन ॲप निवडा' (म्हणजे टॅब्लेटने स्वतः शोधलेल्या जागेऐवजी बाहेरून जागा पुरवणारं ॲप) असं लिहिलेलं शोधा आणि तिथे ते मधलं ॲप निवडा. बाकी कुठल्याही बटणाला हात लावू नका.

५. मधल्या ॲपमध्ये परत या, डबी निवडा, कनेक्ट करा. अक्षांश-रेखांश येऊ लागले की काम झालं. मग नकाशाचं ॲप उघडा.

दोन गोष्टी इथेच करून टाका, नाहीतर पुढे डोकेदुखी. लोकेशनच्या सेटिंग्जमध्ये वायफायवरून जागा शोधणं आणि 'लोकेशन ॲक्युरसी' बंद करा. नाहीतर सिस्टिम कधी डबीचं ऐकते कधी राउटरांचं, आणि ठिपका रस्त्यावरून शेजारच्या सोसायटीत उडी मारून परत येतो. आणि मधल्या ॲपला बॅटरी बचतीतून सूट द्या. काही टॅब्लेट मागे चालणारं ॲप दहा मिनिटांत झोपवतात, मग नकाशा जागच्या जागी गोठतो आणि तुम्हाला वाटतं डबी बिघडली.

डबी काय बोलते, एकदा बघून घ्या

मधल्या ॲपमध्ये 'एनएमईए' नावाचं पान असतं. डबी ज्या ठरलेल्या भाषेत बोलते तिचं हे नाव. त्यावर ओळी सरकत असतात. हे बघणं सक्तीचं नाही, पण दहा मिनिटं घालवलीत तर पुढचे सगळे बिघाड स्वतः ओळखता येतील. 'जीजीए' हा शब्द असलेली एक ओळ पकडा. तिच्यात स्वल्पविरामांनी पाडलेले तुकडे असतात. पुण्यात उभे असाल तर त्यांतले कामाचे काही, मधली एन आणि ई ही दिशेची अक्षरं सोडून, साधारण असे दिसतील: ०४३०१५, मग १८३१.२०, मग ०७३५१.४०, मग १, मग ०९.

पहिला तुकडा वेळ. ४ वाजून ३० मिनिटं १५ सेकंद. पण ही वेळ ग्रीनिचची, त्यात साडेपाच तास मिळवा, म्हणजे आपल्याकडे सकाळचे दहा वाजलेत. 'घड्याळ चुकलंय' अशी तक्रार करण्याआधी हे आठवा.

दुसरा तुकडा अक्षांश, आणि इथे बरेच जण फसतात. १८३१.२० म्हणजे १८.३१२० अंश नव्हे. ते आहेत १८ अंश आणि ३१.२० मिनिटं. मिनिटांना ६० ने भागा, ०.५२ येतं, म्हणजे १८.५२ अंश. रेखांशाचंही तसंच, ७३ अंश ५१.४० मिनिटं, म्हणजे ७३.८५७. सरळ टिंब सरकवून हे आकडे नकाशात टाकलेत तर पुण्याऐवजी चाळीसेक किलोमीटर नैऋत्येला, सह्याद्रीच्या कड्याकपारीत पोहोचाल. कुणी व्हॉट्सॲपवर शेताचे किंवा लग्नघराचे आकडे पाठवले तरी आधी विचारा: नुसते अंश की अंश-मिनिटं?

पुढचा एकटा आकडा दर्जाचा. ० असेल तर जागा सापडलेली नाही, १ म्हणजे साधी सापडली, २ म्हणजे सुधारणा मिळून सापडली. आपल्याकडे ही सुधारणा 'गगन'ची. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून मुख्यतः विमानांसाठी उभी केलेली ही व्यवस्था जीसॅट-८, जीसॅट-१० या स्थिर उपग्रहांवरून प्रसारण करते, आणि ते ऐकायला कुणालाच पैसे पडत नाहीत. डबीच्या सेटिंग्जमध्ये 'एसबीएएस' (गगनसारख्या व्यवस्थांचं सामाईक नाव) असा पर्याय दिसला तर चालू ठेवा. हे उपग्रह विषुववृत्तावर असल्याने आपल्याकडून दक्षिणेला दिसतात, त्या बाजूला डोंगर आला की दर्जा २ वरून १ वर येतो. गाडी चालवायला १ सुद्धा भरपूर.

त्यानंतर किती उपग्रह वापरात आहेत तो आकडा. सात-आठच्या वर असेल तर निर्धास्त राहा. चारपेक्षा खाली गेला तर ठिपक्यावर विश्वास नको.

गाडीत जागा

डबीला वरचं आकाश दिसलं पाहिजे, पत्रा मधे नको. पुढच्या काचेच्या तळाशी, डॅशबोर्डच्या पुढच्या टोकाला, न घसरणाऱ्या रबरी पट्टीवर ठेवा. गणपतीच्या शेजारची जागा बहुतेक गाड्यांत उत्तम चालते. फक्त डावीकडे जिथे 'एअरबॅग' असं कोरलेलं असतं त्या झाकणावर काही ठेवू नका. बॅग फुटली की ती डबी थेट शेजारच्याच्या तोंडावर.

काही नव्या गाड्यांच्या काचेला उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो. तो जीपीएसही अडवतो. अशा काचेत आरशाच्या आसपास थर नसलेली एक खिडकी सोडलेली असते, टोलचा टॅग वाचता यावा म्हणून. गाडीच्या पुस्तिकेत फास्टॅग नेमका कुठे चिकटवायचा हे मुद्दाम सांगितलं असेल, तर डबीलाही आकाश त्याच खिडकीतून दिसणार. तिथे जमत नसेल तर मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवून बघा. ब्लूटूथचा पल्ला दहा मीटरच्या आसपास असतो, मागच्या फळीपासून टॅब्लेटपर्यंत सहज पोहोचतो.

डॅशकॅम किंवा स्वस्तातला चार्जर डबीला चिकटून नको. त्यांतल्या काहींच्या विद्युत गोंगाटात उपग्रहांचा क्षीण सिग्नल बुडतो. चार्जर लावला की एफएमवर खरखर येते का बघा. येत असेल तर संशयित सापडला.

टॅब्लेट कुठे? काचेवर नको, एवढा मोठा पडदा रस्ताच झाकतो. मधल्या कन्सोलवर, एसीच्या जाळीच्या उंचीला, पक्क्या स्टँडवर बसवा. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या मोटार वाहन नियमांत गाडी चालवताना असं उपकरण फक्त मार्ग बघण्यासाठी वापरायला मुभा आहे, तीही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. मांडीवर ठेवलेला टॅब्लेट या व्याख्येत बसत नाही. ठिकाण टाकणं, रस्ता निवडणं हे सगळं गाडी उभी असताना उरका. वाटेत बदल करायचा तर ते काम शेजारी बसलेल्याचं.

आवाज टॅब्लेटच्याच स्पीकरवर ठेवलेला बरा. गाडीच्या स्टिरिओला जोडलात तर दोन त्रास: रेडिओ लावला असेल तेव्हा सूचना ऐकूच येत नाही, आणि ब्लूटूथ जागं व्हायला वेळ घेतं त्यामुळे सूचनेतला पहिला शब्द गिळला जातो. 'उजवीकडे वळा' यातलं 'उजवीकडे'च गेलं तर उरलं काय?

रस्त्यावर आल्यावर

निघताना नकाशा उलटसुलट फिरत असेल तर काही बिघडलेलं नाही. डबीला दिशा कळते ती हालचालीवरून. उभ्या गाडीचं तोंड कुठे आहे हे तिला सांगता येत नाही. वीस-तीस मीटर पुढे गेलात की बाण सरळ होतो. म्हणून पार्किंगमधून बाहेर पडताना पहिलं वळण नकाशावर नव्हे, रस्ता बघून घ्या.

उड्डाणपूल हा या विद्येचा कच्चा दुवा. मुंबईत जे. जे. उड्डाणपुलावर आहात की खाली मोहम्मद अली रोडवर, हे ठिपक्याला कळत नाही, कारण दोन्ही एकावर एक आहेत. जीपीएसची उंची आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते, आणि बरीच ॲप ती बघतही नाहीत. महामार्ग आणि सर्व्हिस रोड शेजारी-शेजारी धावतात तिथेही तेच. पाच-सात मीटरच्या चुकीत ठिपका पलीकडच्या रस्त्यावर बसतो आणि ॲप 'यू टर्न घ्या' म्हणून ओरडू लागतं. तिथे पाटी बघा, ॲपला ओरडू द्या. पुढच्या चौकात ते स्वतःच सावरतं.

बोगद्यात सिग्नल जाणारच, कुठल्याही डबीचा. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरचे भाताण, माडप हे छोटे बोगदे कळायच्या आत संपतात. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळचा बोगदा जवळपास ८ किलोमीटरचा आहे, तिथे काही मिनिटं नकाशा आंधळा. चांगली ॲप शेवटच्या वेगावरून ठिपका पुढे ढकलत राहतात, पण तो अंदाज असतो. लांब बोगद्यात शिरण्याआधी बाहेर पडल्यावरचं पुढचं वळण किती किलोमीटरवर आहे ते मोठ्याने वाचून घ्यावं, शेजारी कुणी असेल तर त्याच्याकडून वाचून घ्यावं. बाहेर पडल्यावर डबीला सावरायला काही सेकंद लागतात.

पावसाची भीती नको. ढग आणि पाऊस यांचा जीपीएसच्या लहरींवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. कोकणात जुलैमध्ये वायपर पुरे पडत नाहीत तेव्हाही ठिपका रस्त्यावरच असतो. ओल्या पानांची दाट कमान मात्र सिग्नल थोडा खाते, आंबोलीसारख्या घाटात उपग्रहांचा आकडा खाली-वर होताना दिसेल. खोल दरीत एका बाजूचा कडा आकाश झाकतो, शिवाय सिग्नल कड्यावर आपटून उशिरा येतो आणि ठिपका दरीत उतरल्यासारखा दिसतो. घाटात नकाशा हवा तो पुढचं नागमोडी वळण किती तीव्र आहे हे कळायला. त्यासाठी तो पडद्यावर मोठा करून ठेवा.

वेगाचा आकडाही बघा. गाडीचा काटा १०० दाखवतो तेव्हा डबी ९४-९५ म्हणेल. खरं सहसा डबीचं असतं. काटा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवू नये म्हणून कंपन्या तो थोडा चढाच ठेवतात.

अडलं तर

जोडणी झाल्याचं दिसतंय पण जागा येत नाही: आधी जीजीएच्या ओळीतला दर्जा बघा. ० असेल तर दोष आकाशाचा, डबी उघड्यावर न्या. १ किंवा २ असूनही नकाशा हलत नसेल तर मॉक लोकेशनमध्ये मधलं ॲप निवडलेलं राहिलं नाही, अँड्रॉइड अपडेटनंतर ते कधीकधी पुसलं जातं.

डबी सापडतच नाही: घरातला दुसरा फोन तिला आधीच जोडून बसलाय का बघा. बऱ्याच डब्या एका वेळी एकाशीच बोलतात.

जुनी डबी कुणाकडून घेतलीत आणि तारीख एकोणीस-वीस वर्षं मागची दाखवते: जीपीएस आठवड्यांची मोजणी १०२४ पर्यंत करून पुन्हा शून्यावर येतं, ते ६ एप्रिल २०१९ ला झालं. त्याआधीच्या काही डब्यांना ते कळलेलं नाही. जागा सहसा बरोबर येते, पण काही ॲप तारीख चुकलेली म्हणून ती नाकारतात. कंपनीने नवं सॉफ्टवेअर दिलं असेल तर टाका, नसेल तर ती डबी परत करा. जुन्यांत आणखी एक पाहण्याजोगं: बॅटरी बदलता येते का. काहींत जुन्या नोकियाची बीएल-५सी बसते, ती कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानात मिळते. आत कायमची बसवलेली आणि फुगलेली असेल तर फुकटही घेऊ नका.

परत आल्यावर

डबी गाडीत ठेवून जाऊ नका. उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर जे तापमान होतं ते लिथियमच्या बॅटरीला मानवत नाही. महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर निम्मी चार्ज करून कपाटात ठेवा, पूर्ण रिकामी ठेवू नका.

आणि अँड्रॉइडवाल्यांनी डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन मॉक लोकेशन 'काही नाही' वर आणावं, वायफायवरून जागा शोधणंही पुन्हा चालू करावं. नाहीतर सोमवारी त्याच टॅब्लेटवर ऑफिसच्या हजेरीचं किंवा बँकेचं ॲप उघडाल आणि ते 'खोटं लोकेशन' म्हणून दारातच अडवेल.